भोंगामामांची मुकी गाडी

माझ्या मामांना हळू बोलता येत नसे. कानात सांगायचं गुपित ते सांगू लागले, की शेजारच्या घरातलं लाटणं थांबे. राळेगावजवळच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना भोंगामामा म्हणत, आणि मामांना त्या नावाचा अभिमान होता. मी लहानपणापासून पुटपुटणारा. ‘‘भाचा माहा अन् आवाज कोनाचा?’’ असं ते माझ्या आईला विचारत, आणि तेही दोन गल्ल्यांना ऐकू जाई.

अशा माणसानं गाडी घेतली ती हायब्रीड, म्हणजे थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर चालणारी. नागपूरच्या एका निवृत्त साहेबांची जुनी. गावात हळू शिरताना ती बॅटरीवर असे, त्यामुळे आवाजाच्या नावानं शून्य. रस्त्यात बसलेल्या म्हशीला मागे गाडी उभी आहे याचा पत्ताच लागत नसे. हॉर्न होता, पण बसलेल्या जनावरावर हॉर्न वाजवणं मामांना उद्धटपणाचं वाटे. ते काच खाली करत, डोकं बाहेर काढत आणि म्हणत, ‘‘सरक बापा, मी आलो.’’ म्हैस उठे. त्या गाडीचा आवाज मामाच होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असं म्हणतात. बैलांचं आटोपलं की मामा उरलेलं लोणी गाडीच्या बॉनेटला चोळत आणि तिलाही जेवायला बोलावत. सकाळी बॉनेटवर मुंग्यांची रांग. बैल निदान चाटून तरी घेतो, असं मामी म्हणायच्या.

‘‘जुनं फेकाचं नसते, दुरुस्त कराचं असते,’’ हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या छत्रीला खताच्या पोत्याचं ठिगळ होतं आणि चपलेला सायकलच्या टायरचा तळवा. एवढं ठिगळ लावूनही छत्री गळे, ती गोष्ट वेगळी.

एका हिवाळ्यात, ऐन कापूसवेचणीत, गाडी बंद पडली. बटण दाबलं की समोर एक लाल त्रिकोण येई आणि पुढे काही नाही. राळेगावहून ट्रॅक्टरचा मिस्त्री आला. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ कान लावला आणि ही गाडी चालू असताना कसा आवाज करायची ते विचारलं. करतच नव्हती, असं मामांनी सांगताच तो हात पुसत निघून गेला. मग गावकऱ्यांनी धक्का मारायचं ठरवलं. मामा आत बसून जोर लावायला सांगत होते आणि दहा माणसं गाडी ढकलत पार शाळेपर्यंत गेली. धक्क्यानं ही गाडी सुरू होतच नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तीच दहा माणसं तिला परत घेऊन आली.

आठवड्याभरानं एका रात्री मामांच्या मुलाचा, सुधीरचा, पुण्याहून मला फोन आला. बाबांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं धुरकट झालेत, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत, मागच्या महिन्यात फाटकाचा खांब पाडला. गाडी आपोआप मेली हे बरंच झालं; तू जा आणि दुरुस्त होत नाही म्हणून सांग. मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी यवतमाळहून निघालो.

दारात मामी भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘कसंही कर, पन गाडी चालू कर. आठ दिवसांपासून हे घरीच हायेत. माहे कान गेले.’’

मी ओट्यावर गेलो तेव्हा मामा मात्र बंद गाडीकडे बघत गप्प बसले होते. मामांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सुधीरनं सांगितलेलं वाक्य बाजूला ठेवून मी नागपूरच्या एका जाणत्या मिस्त्रीला फोन लावला. मागच्या सीटच्या बाजूला जाळी आहे, तिथून बॅटरी हवा घेते, ती आधी बघा, असं तो म्हणाला.

जाळी काढली आणि आतून कापूस निघाला. ओढला तर आणखी निघाला. एक उशी भरेल इतका. घरातल्या खोल्या आढ्यापर्यंत भरल्या, की मामा उरलेला कापूस गाडीच्या मागच्या सीटवर कोंबत. त्यांच्या हिशेबी ती घराची आणखी एक खोली होती. बॅटरीचा श्वास मामांच्याच शेतानं कोंडला होता.

‘‘होते का दुरुस्त?’’ मामांनी विचारलं. तेही हळू. खोटं बोलायची हीच वेळ होती.

मी म्हणालो, ‘‘होते, मामाजी. पण आधी तुमचे डोळे.’’

‘‘मी बुढा झालो. माह्या डोयाले कायले हात लावता आता?’’

‘‘जुनं फेकाचं नसते,’’ मी म्हणालो.

पुढचं ‘दुरुस्त कराचं असते’ त्यांचं त्यांनाच म्हणावं लागलं. मामी पदराआड हसत होत्या.

डोळे झाले. मग नागपूरच्या मिस्त्रीनं येऊन दोन भाग बदलले आणि गाडीही झाली. पट्टी निघाल्यावर मामांनी गाडी पहिल्यांदा नीट पाहिली आणि तिचा रंग असा भुरका कधी झाला म्हणून मामींना जाब विचारला.

दोन वर्षं त्यांनी ती मजेत चालवली, एकही खांब न पाडता. मग एका पहाटे ते झोपेतच गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी मोठी गोष्ट आवाज न करता केली.

गाडी मामींनी मला दिली. यवतमाळला आमच्या गल्लीत ती मी पहिल्यांदा आणली, तेव्हा मधोमध एक कुत्रं झोपलं होतं. मी मागे थांबलो. त्याला पत्ता नाही. हॉर्नकडे हात गेला आणि तिथेच थांबला. एकदम मामांची फार आठवण आली. मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हणालो, ‘‘सरक बापा, मी आलो.’’

समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी दचकून खाली पाहिलं. कुत्रं उठलं.