गडबडमामांचा सेलमधला सेट

आमचे मामा कुणाच्याही घरी गेले की चप्पल न काढता दारातच चहा प्यायचे. "बसा की," म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "बसायला प्रवासी हायत. कंडक्टरनं बसायचं नसतं." एसटीतून निवृत्त झाले तरी हे पालुपद सुटलं नाही. येरमाळ्यात सगळे त्यांना गडबडमामा म्हणत. सकाळी कळंबला कुणाच्या सोयरिकीची बोलणी, दुपारी स्टँडवर कुणाचं भांडण सोडवायचं, संध्याकाळी देवीच्या डोंगराकडे. घरी फक्त जेवायला, तेही उभ्यानं. त्यांच्याशी चार शब्द बोलायचे तर मागं मागं पळावं लागे, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

मामी एके काळी डोंगरावरच्या येडाई देवीच्या आराधी मेळ्यात गायच्या. काय खडा आवाज होता! पुढं कान गेले. आधी एक, मग दोन्ही. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन नुसती शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते ट्रंकेत टाकून दिलं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्या काय ते समजून घेत. मामांचं तोंड समोर असेल तर ना? बोलता बोलता ते अंगणाबाहेर गेलेले असायचे.

मामांकडे मामींच्या गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग होतं, चैत्राच्या यात्रेत मोबाइलवर केलेलं. "तिचा आवाज तिला ऐकवायचाय," हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. सोलापूरच्या एका दुकानात परदेशी, भारीतला साऊंड सेट अर्ध्या किमतीला काढलाय असं कळलं आणि मामा निघाले. दुकानात त्यांनी काय पारख करावी? दोन्ही स्पीकर उचलून बघितले. जड लागले, म्हणजे माल चोख. "जल्मभर लगेज तोललंय म्या, मला काय सांगता?" येताना स्पीकरचं रीतसर लगेजचं तिकीट काढलं, खोकी सीटवर ठेवली आणि स्वतः येरमाळ्यापर्यंत उभे आले.

सेट लावला तेव्हा गल्ली गोळा झाली होती. भारीतला सेट तो, त्याचा आवाज बारीक आणि नितळ, खोलीत बसून ऐकण्याजोगा. शेजारचे रज्जाकभाई म्हणाले, "मामा, ह्याच्यापेक्षा माझ्या ट्रॅक्टरवरचा टेप बरा हाय की." ते एक वेळ चाललं असतं. पण मामी म्हणाल्या, "नुसतं घुंघुं व्हतंय." मामांचा चेहरा पार उतरला.

दुसऱ्या दिवशी मामा सोलापुरात हजर. दुकानदार म्हणाला, सेलचा माल परत होत नाही, आणि सेटमध्ये काहीच दोष नाही. "दोष न्हाय तर हिला ऐकू का यीना?" मामांचा एकच सवाल. मग स्पीकर कोनाड्यात, उंबऱ्यापाशी, मामींच्या खाटेच्या उशाशी असे फिरले. वायरी बदलल्या. पुन्हा सोलापूर, पुन्हा वादावादी. उन्हातून तोंड वाळवून यायचे, धड जेवायचेही नाहीत. अशाच एका संध्याकाळी मामी आपण होऊन म्हणाल्या, "आता येतंय. लई ग्वाड येतंय." झालं, मामा गावभर सांगत सुटले.

मी धाराशिवहून एका रविवारी गेले, तेव्हा सेट चालू होता. मामी डोळे मिटून मांडीवर बोटांनी ठेका धरून बसलेल्या. मामांना कुठलं राहवतंय? वायर ठीकठाक करायला गेले आणि ती निसटली. आवाज बंद. मामींचा ठेका मात्र चालूच, मानही डोलतेय. मामा वायर हातात धरून नुसते बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, वायर जोडली आणि मामींसमोर खाली मांडी घालून बसले.

सोलापूरच्या खेपा तेव्हापासून बंद झाल्या. रोज संध्याकाळी सेट लावायचे आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत बसायचे. पाय सारखा हलायचा, हायवेवर बसचा हॉर्न वाजला की मान वळायची, पण उठायचे नाहीत. स्टँडवरून निरोप आला तरी म्हणायचे, "थांब म्हनावं जरा."

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले, तेही घाईतच. दवाखान्यात न्यायलासुद्धा सवड दिली नाही. दिवसकार्य उरकल्यावर मी मामींना खुणेनं विचारलं, सेट लावू का?

"कशाला?" मामी म्हणाल्या. "मला त्यातनं कधी एक अक्षर ऐकू आलं न्हाय. पन म्हटलं, येतंय म्हटल्याबिगर ह्या मानसाची वणवण थांबायची न्हाय. आन तेवढा येळ तरी घरात ऱ्हातील."

मग सेटवरची धूळ पदरानं पुसत त्यांनी विचारलं, "त्यांना कळलं व्हतं का गं?"

मी नाही म्हणून मान हलवली. मामी कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"कळूनबी बसायचे," त्या म्हणाल्या.