दाजींचा फिरता जिल्हा

अक्काचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. माझी ही थोरली बहीण सकाळी कधी फोन करत नाही. "दाजी गेले रे," एवढे म्हणून ती थांबली, आणि मग, मीच धीर सोडीन अशी भीती वाटली असावी, म्हणून म्हणाली, "झोपेतच गेले. तरास काही झाला न्हाई. दोन घास खाऊन निघ." मी न खाताच निघालो. कंधारमार्गे उदगीरला जाणाऱ्या एसटीत बसलो, तेव्हा डोळ्यांसमोर दाजींचा चेहरा आला नाही, त्यांचा उजवा हात आला. न पाहता बाजूला जाणारा, क्षणभर चाचपणारा आणि हवे तेच हत्यार उचलणारा हात. त्या हाताविषयी लिहावे असे गेले काही आठवडे वाटते आहे. लिहिण्याची मला सवय नाही. आयुष्यभर महाविद्यालयात गणित शिकवले, आणि तेही बरेचसे फळ्याकडे तोंड करून.

दाजी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा खराद होता. त्यावर लाकूड गरगर फिरत ठेवायचे आणि पटाशी टेकवून त्याला गोलाई द्यायची, हा त्यांचा नोकरीपासूनचा छंद. नात्यातल्या प्रत्येक नव्या संसारात त्यांनी केलेले लाटणे आणि रवी असायचीच. हत्यारे मात्र सगळीकडे पसरलेली: काही भिंतीवरच्या खिळ्यांना, काही खिडकीत, काही भुशात लोळत. "एक स्टँड करा की त्यांना," असे अक्का वर्षानुवर्षे म्हणे, आणि दाजींचे उत्तर ठरलेले असे, "जिल्हा झाला की करू." कर्नाटकच्या सीमेवरच्या उदगीरचा वेगळा जिल्हा होणार, हे त्या गावाने इतकी वर्षे ऐकले आहे की, दाजींच्या घरात त्या वाक्याचा अर्थ 'कधीच नाही' असा झाला होता. गळका पत्रा, परसातली पडकी भिंत, सगळे त्याच मुदतीवर. माझ्या लग्नाची बोलणीही त्यांनी काही वर्षे तिथेच नेऊन ठेवली होती. पुढे तिथेही 'कधीच नाही' हाच अर्थ खरा ठरला, हा भाग वेगळा.

लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या उन्हाळ्यात दाजींची नजर गेली. पूर्ण नाही... कडेचे दिसे, पण जिथे पाहावे तिथेच मधोमध एक राखाडी डाग. आता हे असेच राहणार, असे डॉक्टरांनी सांगितले. मी तेव्हा नुकताच निवृत्त होऊन त्यांच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. एका दुपारी भुशात पटाशी शोधताना त्यांनी पात्यावरच हात टाकला. तळहाताला टाके पडले. अक्काने पट्टीकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "बास झालं. उद्यापासून शेडला कुलूप."

 संध्याकाळी दाजी ओट्यावर बसलेले असताना, रस्त्याच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "मग मी काय करू गं दिसभर? टँकरची वाट बघत बसू?"

"बसा. सगळं गाव बसलंय."

"गावाला दिसतंय. टँकर आल्याला कळतो."

अक्का उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती डोळे पुसूनच, आणि माझ्याकडे पाहून, म्हणजे खरे तर दाजींना, म्हणाली, "हत्यार शोधावं न लागता हाताला लागलं पाह्यजे. तसं करून दाखवा. न्हाई जमलं तर कुलूप."

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. खराद शेडच्या एका टोकाला आणि धार लावायचे चाक दुसऱ्या टोकाला, दाराशी. या दोहोंच्या मधल्या येरझाऱ्यांतच हत्यारे हरवत. म्हणून स्टँड दाजींच्या सोबत फिरणारा हवा, हे उघड होते. घरातला जुना बाक मोडून चौकट केली, वर जाड फळी बसवली आणि तिला भोके पाडली: प्रत्येक हत्याराला स्वतःचे भोक, पाते खाली, मूठ वर. आराखडा माझा होता. खाली चारही बाजूंना वळणारी चाके लावावीत, असे मीच त्यात काढले होते. शेडच्या फरशीला दाराजवळच्या मोरीकडे उतार आहे, हे कागदावर दिसत नव्हते. हत्यारे भरून आम्ही कौतुकाने हात काढले, आणि स्टँड शांतपणे, कुणाचीही वाट न पाहता, दाराकडे निघाला. अक्का ताकाचे पेले घेऊन दारातच उभी होती. तिने पायाने तो अडवला. "आवं, धरा की! तुमचा जिल्हा चालला कर्नाटकात!"

दाजी इतके हसले की, त्यांना खाली बसावे लागले. स्टँडला नाव तिथेच पडले: फिरता जिल्हा. मग एका बाजूला दोन साधी चाके ठेवली, दुसऱ्या बाजूला दोन पाय लावले आणि वर एक दांडा. दांडा उचलला की जिल्हा चाले, सोडला की आपल्या पायांवर मुकाट उभा राही.

तरीही अडचण संपली नव्हती. बाजारच्या मुठी सगळ्या एका घाटाच्या. दाजी जागा मोजत हात नेत, पण एखाद्या भोकाने चुकत आणि भलतेच पाते वर येई. "मुठी येगळ्या पाह्यजेत," ते म्हणाले. "आता माझ्यानं व्हायचं न्हाई. सर, तुम्हीच बसा." ते मला नेहमी सरच म्हणत. मी आयुष्यात पेन्सिलीला सोडून कशालाही टोक काढलेले नव्हते. त्या दुष्काळात रस्त्याकडेचा वाळून गेलेला कडुलिंब पाडला होता, त्याचे ठोकळे मिळाले. मी खरादावर, दाजी शेजारच्या स्टुलावर, कान माझ्याकडे. "दाब कमी करा, सर. लाकूड वरडून राह्यलंय." थोड्या वेळाने, "आता बरंय. आता गाऊन राह्यलंय."

एकही मूठ दुसरीसारखी होईना. एकीला पोट सुटले, एकीची मान तिरपी गेली, एक मध्येच अशी बारीक झाली की मला तिची दया आली. आठवडाभराने त्या पुढे ठेवताना मला ओशाळल्यासारखे झाले होते. दाजींनी एकेक बोटांतून फिरवली. पहिल्यापासून पुन्हा फिरवली.

"दोन सारख्या तुमच्या हातून व्हायच्याच न्हाईत का, सर?"

"नाही जमत, दाजी."

"जमू देऊ नका! लई बेस काम झालं. सारख्या आल्या असत्या तर माझं कुलूप पक्कं होतं." मग त्यांनी त्यांना नावे दिली. पोट सुटलेला तो सावकार, बारीक झालेले ते सर, आणि... "ही तिरक्या मानंची, ही आमची मंडळी."

"ऐकतीय मी," अक्का दारातून म्हणाली.

शेडला कुलूप कधी लागले नाही. पुढची सगळी वर्षे दाजी दांडा धरून त्या स्टँडमागे चालले. त्यांचे सगळ्यात चांगले काम मी त्याच काळात पाहिले. मी दर महिन्याला जाई, शेजारच्या स्टुलावर बसे, आणि माझाही हात हळूहळू सुधारत गेला.

दाजींच्या माघारी परवा गेलो तेव्हा 'सावकारा'ची मूठ उन्हाने तडकलेली दिसली. नवी केली. गुळगुळीत, मापात, झकास आली. पटाशीला बसवून फळीत ठेवली आणि अक्काला हाक मारली. तिने या हत्यारांना कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी तिने पदराला हात पुसले आणि एकेका मुठीवरून तळवा फिरवत गेली. नव्या मुठीपाशी थांबली, शेजारची, त्यातल्या त्यात सरळ आलेली मूठ चाचपली, परत नवीवर आली.

"ह्या दोन्ही सारख्या लागतेत रे."

आता हे वापरणार कोण, असे तिने विचारले नाही, मीही नाही. मूठ काढून पुन्हा खरादावर चढवली. वाकडे करणे आता मला अवघड जात होते. हात आपोआप सरळ घाटाकडे वळे. तिसऱ्या खेपेला तिला जरासे पोट आले. अक्काने ती हातात घेतली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"हां," ती म्हणाली, "आता वळखतील."