पहिले घावन

मॉरिशसहून आलेल्या सविताताईंनी आमच्या मालवणच्या घरी पहिले घावन तव्यावरून काढले आणि खिडकीत ठेवले. त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यात मजुरीला जाऊन तिथेच स्थायिक झाले होते. ते आमच्याच घराण्यातले का, हे ठरवण्यासाठी मी सविताताईंची आणि आत्याची लाळ डीएनए तपासणीला पाठवली आहे. अहवाल यायचा आहे.

"पहिलं मागे राहिलेल्यांचं," सविताताई म्हणाल्या.

आत्या थबकली. आमचेही पहिले घावन खिडकीतच जाते, समुद्रापार गेलेल्याच्या नावाने.

हा पुरावा नव्हे, हे मी जाणते. तरी दोन्ही किनाऱ्यांवर कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत होते, एवढे निरीक्षण मला नोंदवावेसे वाटते.

आत्याने ते घावन उचलून सविताताईंच्या हातात दिले. "आता कोणासाठी ठेवतंस गो? गरम आसा, खा."