कडी वाजवून येणारा भाऊ

भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर तापी नदी काढत होते. तो काम करायचा त्या खात्याचा रखवालदार सायकल मारत आमच्या मराठी शाळेत आला होता. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. रखवालदाराने वर्गाच्या दारात टोपी काढून हातात घेतली, आणि तो बोलायच्या आधीच मला काय ते कळलं. भाऊ रात्रपाळी करून सकाळी घरी आला होता. वहिनीच्या हातात थैली दिली, पाणी मागितलं आणि उंबऱ्यावर बसला. वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. दमून आलेला माणूस आत जाऊन खाटेवर का पडला नाही, उंबऱ्यावरच का टेकला, हे त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही. रडण्यात तेवढी जागाच नव्हती.

आमचं गाव अमळनेरकडचं. वडील लवकर गेले तेव्हा भाऊ सोळा-सतराचा होता. गावातले दोघे-तिघे सुरतेला मागांवर होते, त्यांच्यामागून तोही गाडीत बसला. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची आणि आई ती घेताना पोस्टमनला न चुकता सांगायची, पोरीला मास्तरीण करायची आहे. मी झालेही. लग्न होऊन मीही सुरतेलाच आले. यजमान रेल्वेत, भेस्तान स्टेशनाला लागून क्वार्टर. भाऊ तिकडे कतारगामात एका चाळीत, एका खोलीत. वहिनी आणि दोन मुलं. त्या खोलीची मला फार ओढ होती. आई नव्हती, गावचं घर पडलेलं, तेव्हा माहेर म्हणायचं तर तेच. शाळा सुटली की मी चपला काढून सरळ आत घुसायची, भाकरीच्या टोपल्यात हात घालायची आणि वहिनीच्या पाठीला पाठ लावून बसायची.

भाऊ मात्र माझ्याकडे आला की दार सताड उघडं असलं तरी कडी वाजवायचा. दोनदा, हलकेच. मग बाहेरूनच खाकरायचा. आणि हातात काहीतरी असायचंच. शेंगदाण्यांची पुडी, केळी, काही नाही तर कोथिंबिरीची जुडी. आमचे यजमान त्याला चिडवायचे, की साहेब आले, वर्दी द्या. एकदा मी वैतागून म्हणाले, कोथिंबीर काय आणतोस, माझ्या दारात कोथिंबीर लावलेली आहे. तर घरच्या बोलीत म्हणाला, "बहिनना घर कोनी रिकामा हाते जास का?" आमच्याकडे जुनी माणसं असंच वागत. लेकीच्या, बहिणीच्या घरी गेलं तर पाहुण्यासारखं जायचं, द्यायला जायचं, घ्यायला नाही. भाऊ सुरतेला आला, पँट घालू लागला, मालकाशी गुजरातीत भांडू लागला, पण हे एक त्याने सोडलं नाही.

मग ते पुराचं वर्ष आलं. तापीचं पाणी कतारगामात शिरलं. ओसरल्यावर खात्यात मागांच्या मोटारींत चिखल आणि रुळांवर गुंडाळलेलं रेशीम कुजलेलं. शेठ म्हणाला, थांबा. थांबा म्हणता म्हणता दिवाळी गेली, संक्रांत गेली. भाऊ मिळेल ते काम करत होता, पोती उचलत होता, पण खोलीचं भाडं साठत गेलं. चाळीचे मालक मगनकाका वाईट माणूस नव्हते. पण घंट्या, म्हणजे हिरे घासायची चाकं, बसवायला जागा शोधणारे लोक तेव्हा कतारगामात फिरत होते आणि एका खोलीला दुप्पट द्यायला तयार होते. काकांनी भाऊला होळीपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर बिऱ्हाड काढायचं. बिऱ्हाड काढून जायचं तरी कुठे? गावात भिंतही उभी नव्हती.

भाऊने कुठे कुठे शब्द टाकला ते मला वहिनीने नंतर सांगितलं. शेठकडून उचल आधीच झालेली. कारागिरांची भिशी होती, पण भिशीतले सगळेच त्याच्यासारखे बसून. कोण कोणाला देणार? शेवटी खानदेशी मंडळींच्या मंडळाने पूरग्रस्तांसाठी काही जमवलं आहे असं कळलं. भाऊ गेला. तिथे नियम असा होता की मदत घेणाऱ्याचं नाव कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, उत्सवात सगळ्यांसमोर वाचायचं, म्हणजे कोणी संशय घ्यायला नको. नियम सरळच होता. भाऊ पायरीवरून परत आला. ज्या कानबाईपुढे दरवर्षी तो नाचायचा, तिच्यापुढे त्याचं नाव असं घेतलं जाणार... ते त्याला झेपलं नाही.

माझ्याकडे तो आलाच नाही. वहिनी आली, त्याच्या चोरून. मी यजमानांना विचारलं; ते म्हणाले, विचारतेस काय, जा. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर मगनकाकांकडे गेले. माझ्या अंगात तेव्हा कोण उत्साह होता म्हणून सांगू! ज्याने मला शिकवलं त्याचं घर मी वाचवणार होते. मी मागचं सगळं भाडं चुकतं केलं. काका खूष झाले, पण पुढचं काय, म्हणून अडले. "माणस सारो छे, पण पगार पाको नथी." भाऊचा पगार पक्का नाही, तुमचा आहे, तेव्हा भाडेपावती तुमच्या नावावर करतो, मग मला कोणी घंटीवाला नको. मी तिथल्या तिथे हो म्हणाले. नावात काय मोठं?

संध्याकाळी मी ती पावती भाऊला दाखवली. वर आणि हसत दाखवली. त्याने ती दोन्ही हातांत धरून वाचली, घडी घालून परत दिली. वहिनीला म्हणाला, हिला चहा दे. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुमन, तू मोठी झालीस." मला ते कौतुक वाटलं. रात्री यजमानांना मी ते वाक्य दोनदा सांगितलं असेल.

खाती पुढे सुरू झाली. भाऊ पुन्हा मागांवर गेला, भाडं पहिल्या महिन्यापासून स्वतःच भरू लागला, माझेही पैसे त्याने दोन वर्षांत मी नको नको म्हणत असताना फेडले. पावतीवर नाव तेवढं माझंच राहिलं. त्याने कधी म्हटलं नाही, आणि मला कधी सुचलं नाही. मी मुलांना व्याकरण शिकवते, कर्ता कोण ते विचारते, आणि एवढं सुचलं नाही.

एक मात्र माझ्या कानांवर पडलं होतं. कधी संध्याकाळी मी तिथे असले की बाहेर कडी वाजायची, दोनदा, हलकेच, आणि मग भाऊ आत यायचा. हातात काहीतरी. मला वाटायचं, एका खोलीचं घर, दाराशीच मोरी, बायको अंघोळीला असेल तर म्हणून वाजवत असेल. खाऊ मुलांसाठी असेल. किती समजूतदार आहे माझा भाऊ, असं मी शाळेत इतर बायांना सांगितलंही आहे.

दहाव्याच्या दिवशी भांडी आवरताना वहिनी म्हणाली की तो रोज तसाच यायचा, मी असले काय आणि नसले काय. पावती झाली त्या दिवसापासून. पहिल्या दिवशी तिने विचारलं, आपल्याच घराची कडी कसली वाजवता? तर म्हणाला, "सुमननं घर शे." थट्टेने नाही. पुन्हा तिने विचारलं नाही. पगार नसलेल्या दिवशीही तो वाटेत उभा राहून विचार करायचा काय घ्यावं, आणि काही नाही तर कडुलिंबाचा पाला तरी आणायचा. त्या शेवटच्या सकाळी थैलीत पेरू होते.

इतकी वर्षं एकाच दाराने मी माहेरी आल्यासारखी येत होते आणि तो बहिणीच्या घरी आल्यासारखा. त्याचं घर मी वाचवलं असं मी जन्मभर समजले. वाचवलं, आणि त्याला त्यातून बाहेर उभं केलं.

गेल्या आठवड्यात मगनकाकांच्या मुलाकडे जाऊन मी पावती वहिनीच्या नावावर करून घेतली. चहा निवायच्या आत काम झालं. एवढंच होतं ते. ती घेऊन मी कतारगामला गेले. दार उघडंच होतं, पण पाय उंबऱ्याशी अडखळले आणि हात आपोआप कडीकडे गेला. आत वहिनी भाकरी थापत होती. कडी वाजली तशी मान वर न करता म्हणाली, "उनात का?" आलात का, असं भाऊला रोज विचारायची तसंच. आणि मग तिचा हात परातीतच थांबला.

मी पावती तिच्यासमोर ठेवली. वाचता येत नाही तिला. नाव मी वाचून दाखवलं. मी निघाले तेव्हा ती उठली, खुंटीवरची भाऊची थैली काढली, तिच्यात गरम भाकरी, मिरच्यांचा ठेचा, घरातले होते नव्हते ते कांदे घातले आणि माझ्यापुढे धरली. मी नको म्हणाले, खरंच नको होतं मला. तर म्हणाली, "माहेरथीन कोनी रिकामा हाते जास का?"

देताना मला कधी लाज वाटली नव्हती. घेताना किती वाटते, ते त्या थैलीचे बंद मुठीत धरून चाळीच्या पायऱ्या उतरताना कळलं.