हनुवटीवरचे पाच ठिपके

मंडळी, आधी एक सांगून टाकते. या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी चहा पिता पिता वाचते आणि निम्म्यांना हसते. पांढरी साडी, पैंजण, वळून बघितलं तर कोणी नाही... आमच्या ह्यांच्या नोकरीत आम्ही ओसाड जागच्या क्वार्टर्समध्ये वर्षानुवर्षं काढली, मला कधी साधी मांजरसुद्धा आडवी गेली नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय. शाळा माझी सातवीपर्यंत, बाकीचं सगळं वाचून-ऐकून शिकलेलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी हॅम्बर्गला माझ्या मुलाकडे, अभिजितकडे, तीन महिने होते. आल्टोना भागात जुनी पाच मजली बिल्डिंग, हा चौथ्या मजल्यावर. तळघरात सगळ्यांची मिळून कपडे धुवायची खोली, तिला वाशक्युखं म्हणतात. तिथं वेळा लावलेल्या, दोऱ्या वाटून दिलेल्या. मला काय माहीत? मी आपली साडी सरळ तीन दोऱ्यांवर आडवी पसरली.

मागून आवाज आला, "धिस इज माय लाइन. बट ब्यूटिफुल."

ती अना. पन्नाशीची, उंच, रंगानं आपल्यासारखी, एप्रनला सगळीकडे रंग. मला वाटलं आपल्याकडचीच. तर नाही! वडील न्यूझीलंडचे माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांपैकी, बोटीवर कामाला होते, इथल्या जर्मन बाईशी लग्न करून राहिले. हिचा जन्म हॅम्बर्गचाच. चित्रकार. बिल्डिंगच्या मागच्या अंगणात तिचा स्टुडिओ होता. माझं इंग्रजी मोडकं, तिला मराठी येण्याचा प्रश्नच नाही, पण आमचं जमलं. रोज अकरा वाजता मी डब्यातून काहीतरी घेऊन जायची, ती कॉफी करायची.

तिची चित्रं म्हणजे बायकांचे मोठ्ठे चेहरे. डोळे, नाक, केस सगळं जिवंत... आणि हनुवटी कोरी. म्हणजे तिथं रंगच नाही, नुसतं कापड.

"हे राहिलं काय?" मी विचारलं.

तिनं सांगितलं, तिच्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं. त्यांच्यात प्रत्येक घराण्याच्या रेघा वेगळ्या, त्या कोणीही उचलून काढायच्या नसतात, घरच्यांना विचारावं लागतं. हिनं तिकडच्या चुलतभावंडांना पत्र लिहिलं. ते म्हणाले, तुला आपली भाषा येत नाही, तू कधी आली नाहीस, आत्ता नको. "इथं लोक विचारतात, तू कुठली? तिथं लोक विचारतात, तू कोणाची?" असं म्हणाली आणि हसली. ते हसणं काही खरं नव्हतं. म्हणून ती जागा ती कोरी सोडायची. स्वतःच्या मनानं हनुवटीवर एक रेघ काढत नसे.

मी नुसती मान हलवली. माझी गोष्ट तिला सांगितली नाही. तुम्हाला सांगते.

माझ्या आईच्या हनुवटीवर गोंदण होतं. वाईजवळचं आमचं गाव, तिच्या लहानपणी गोंदणारी बाई घरोघर यायची. आई गेली त्याच वर्षी अभिजितच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीकडची मंडळी शिकलेली, पुण्यातली. ती घरी येणार म्हणून हॉलमध्ये आईचा मोठा फोटो लावायचा ठरला. आईचा धड एकच फोटो होता, एका लग्नातला. तो फोटो-स्टुडिओत दिला. तो माणूस म्हणाला, "ताई, गोंदण आहे हनुवटीवर. ठेवू ना?"

मी म्हटलं, "नको. डागांसारखं दिसतं. काढून टाका."

काढलं त्यानं. अंगावर काठाची साडी चढवली, चेहरा गुळगुळीत केला. मूळ फोटो परत आणायचा राहिला आणि पुढं स्टुडिओच बंद झाला. वर्षश्राद्धाला मावशी आली, आईची सख्खी धाकटी बहीण. फोटोपुढं उभी राहिली, हार हातातच ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्यानंतर माझ्या हॉलमध्ये ती कधी बसली नाही. गोंदण तेवढं बाईबरोबर वर जातं, सोनं-नाणं इथंच राहतं, असं मानणारी ती पिढी.

आणि मला शिक्षा काय मिळाली, तर मी विसरले! तीन ठिपके होते की पाच? तिच्या मांडीवर पडून मी त्यावर बोट फिरवलंय हो. पण डोळे मिटले की तो स्टुडिओतला गुळगुळीत चेहराच येतो. मावशीला विचारायची हिंमत इतक्या वर्षांत झाली नाही.

त्याच फोटोची पोस्टकार्डाएवढी कॉपी माझ्या पर्समध्ये असते. एकदा अनानं ती पाहिली आणि म्हणाली, मी हिला काढू? प्रदर्शन होतं तिचं. मी हो म्हटलं. गोंदणाचं एक अक्षर बोलले नाही, लाज वाटली म्हणून. फोटो तिच्याकडे ठेवून आले. आठ-दहा दिवस तिनं मला चित्र बघू दिलं नाही.

मग एका सकाळी बोलावलं. बाहेर पावसाची रिपरिप, आत दिवे लावलेले. मी दारातून आत गेले आणि... आई. माझी आई, गुळगुळीत नव्हे, खरी. आणि हनुवटीवर निळसर काळे पाच ठिपके. चार ओळीत, पाचवा जरा खाली घसरलेला.

तिनं स्टूल दिलं.

"हे का काढलंस?"

"का म्हणजे? फोटोत आहे. मी माझ्या मनानं हनुवटीवर काही काढत नाही, तुला माहीत आहे."

"फोटोत नाहीये, अना."

ती हसली, ईझलला चिमट्यानं लावलेला फोटो काढून माझ्यापुढं धरला. मग स्वतः पाहिला. खिडकीशी नेला. भिंग घेतलं. "मी रोज बघत होते," एवढंच म्हणत राहिली. मी तिला त्या फोटो-स्टुडिओची सगळी गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हे तुमच्या घरचं आहे. विचारायला हवं. कोण आहे विचारायला?"

मावशी होती. नव्वदीला टेकलेली. तिच्या सुनेनं व्हिडिओ कॉल जोडून दिला आणि मी फोन चित्रापुढं धरला. मावशीनं सुनेचा हात ओढून फोन डोळ्यांशी नेला.

"पाच," मावशी म्हणाली. "पाचव्याला हलली ती. डोकं म्याच धरलं हुतं तिचं, निसटलं हातातनं. म्हणून घसरलाय त्यो. ...शके, पोरी, ह्ये कुनी काढलं?"

सांगितलं. जेवढं मला कळलं होतं तेवढं.

"लोकांना दाखवायचं म्हणतीय मावशी, प्रदर्शनात. तुझी परवानगी मागतीय."

"घरच्या भित्तीवर तुला चाललं न्हाई, आन आता परमुलखात लोकांस्नी दाखवतीस व्हय? न्हाई. पूस म्हनावं तिला. न्हाईतर तूच पूस. तुला सवय हाय."

फोन बंद झाला.

अना माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला एक शब्द कळला नव्हता. मंडळी, खरं सांगते, "येस" ओठांवर आलं होतं. कोण बघणार होतं? पाच ठिपके राहिले असते, माझी आई मला राहिली असती. पण त्या बाईनं स्वतःच्या आजीसाठी वर्षानुवर्षं कापड कोरं ठेवलेलं... तिच्याशी कसं खोटं बोलू?

"नो. शी सेज नो."

"जा," ती म्हणाली. जर्मनमध्ये 'जा' म्हणजे हो, तेव्हा मात्र ते जा म्हणाल्यासारखंच लागलं. मी मोबाइल पुढं करून खुणेनं विचारलं, एक फोटो? तिनं मान हलवली, नाही. मग फडक्याला टर्पेंटाइन लावून माझ्या हातात दिलं. "घरच्यांनी करायचं असतं."

रंग ओला होता. मी पुसलं. पहिल्या वेळी दुसऱ्याकडून करून घेतलं होतं.

संध्याकाळी अभिजितला सांगितलं. "आई, तू बोलताना हनुवटी चोळतेस. तिनं ते बघितलं असेल."

"मी हनुवटी चोळली म्हणून पाच ठिपके? त्यातला एक घसरलेला?"

"आल्झो... म्हणजे, योगायोग असतात गं."

"तुझ्या ऑफिसात चालतं का असं उत्तर?"

फोटो त्यानं मोबाइलवर मोठा करून तासभर पाहिला. काही नाही. खालचं पुसट दिसत असेल म्हणावं, तर माझी कॉपी पुसलेल्या फोटोवरूनच काढलेली. अनाला तर मावशी या जगात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

प्रदर्शनाला मी गेले नाही. निघताना अनानं ते चित्र गुंडाळून मला देऊन टाकलं. पुण्यात कपाटामागे आहे, हनुवटीवर पांढरट डाग घेऊन. मावशी मार्चमध्ये गेली. तिनं शेवटपर्यंत विषय काढला नाही, मीही नाही.

अनाला ते कसं दिसलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा, पण समजूत घालायला म्हणून काही लिहू नका.

पाच होते हे आता पक्कं ठाऊक आहे. पण पाचवा नेमका किती खाली होता? दुपारी वहीच्या मागच्या पानावर पेननं काढून बघते. कधी फार खाली जातो, कधी ओळीतच बसतो. जुळत नाही.