दुसऱ्या कडव्याआधीचा आवाज

बँडमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, तरी सगळे त्याला ‘नवा’च म्हणत. पेशानं तो लिफ्ट दुरुस्त करणारा. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये मिनिटभर गप्प उभा राहायचा, कान टवकारायचा आणि सांगायचा, “मोटर ठीक आहे, दाराचा रोलर गेलाय.” घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, “फ्रिजची घरघर जरा बदलली तरी हा माणूस भरल्या ताटावरून उठतो.”

संध्याकाळी तो टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत ऑर्गन वाजवायला जाई. बँड चाळीस वर्षांपूर्वीचा. मूळच्या चौघांपैकी आता एकच उरला होता, ड्रम वाजवणारे ‘थोरले’. पहिला गायक भांडून दुसऱ्या शहरात गेला, तो गेलाच. ऑर्गन वाजवणारे ‘मास्तर’ शाळेत गणित शिकवायचे. ते वारले आणि त्यांच्या जागी नवा आला. मूळच्या गिटारवाल्यानं वाजवणं सोडलं, तेव्हापासून गिटार थोरल्यांचा भाचा वाजवायचा. गायला एक तरुण मुलगी होती, दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करणारी. तिला सगळे ‘ताई’ म्हणत.

या चौघांनी मिळून सात नवी गाणी बांधली होती, पण लोकांना हवं असायचं ते जुनं एकच. ते होईपर्यंत लोक गप्पा मारत आणि ते झालं की गाडीच्या किल्ल्या शोधत.

एके दिवशी सिनेमावाल्यांकडून एक बाई त्या खोलीवर आल्या. जुनं गाणं त्यांना सिनेमात हवं होतं.

“मग जुनं रेकॉर्डिंगच घ्या की,” थोरले म्हणाले.

“तिथंच घोडं अडलंय. शब्द आणि चाल तुमची आणि पहिल्या गायकाची. तुम्ही दोघांनी हो म्हटलं की झालं. पण टेपवरचा आवाज रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा. कंपनीनं तो वर्षभरासाठी एका गादीच्या जाहिरातीला दिलाय. तोवर दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.”

नव्याला गंमत वाटली. “म्हणजे गाणं यांचं, पण यांनी ते वाजवलेलं यांचं नाही?”

“बरोबर. म्हणून तुम्ही ते नव्यानं वाजवा. फक्त हुबेहूब जुन्यासारखं. सिनेमात ते चाळीस वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डवर वाजतंय.”

“हुबेहूब?” ताईनं भुवया उंचावल्या. “शेवटच्या ओळीत तो बेसूर झालाय. मीही व्हायचं?”

“हो. तेवढंच बेसूर.”

“आमची सात नवी गाणी तयार आहेत. ती ऐकता?”

“ऐकेन ना, सवडीनं,” बाई म्हणाल्या.

पहिल्या गायकानंही होकार कळवला आणि स्टुडिओ दोन दिवसांसाठी ठरला. नव्यानं कानाला हेडफोन लावून मूळ रेकॉर्डिंग घोळवायला सुरुवात केली. मास्तरांची बोटं त्याला तोंडपाठ होती. पण दुसऱ्या कडव्याच्या आधी, ऑर्गन एकदम हळू होतो त्या क्षणी, एक बारीक आवाज यायचा. टणक्! कार्यक्रमात तो कुणी काढत नसे, कुणी विचारतही नसे. नव्यानं तो पन्नासदा ऐकला. ऑर्गनचा आवाज लहान-मोठा करायला पायाखाली एक पॅडल असतं, त्याची स्प्रिंग असावी असं त्याला वाटलं. पण कितीही पाय आपटला तरी तसा टणत्कार निघेना. पाय पॅडलवरून सावकाश उचलला जातो. हे कुणीतरी झटक्यात सोडलं होतं.

त्यानं थोरल्यांना विचारलं. “अरे नव्या, मी काचेपलीकडच्या खोलीत ड्रम बडवत होतो. मला काय दिसणार? मास्तरचा पाय प्लास्टरमध्ये होता, एवढं आठवतंय.”

पाय प्लास्टरमध्ये! मग पॅडल दाबलं कुणी? नव्याला चैन पडेना. रविवारी सकाळीच त्यानं मास्तरांच्या बायकोचं घर गाठलं.

काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर. खिडकीशी बसून त्या शब्दकोडं सोडवत होत्या. चादरीखाली झाकलेला मास्तरांचा ऑर्गन भिंतीला टेकून होता. नव्यानं फोनवर तेवढाच तुकडा लावला. काकूंनी पेन्सिल खाली ठेवली.

“परत लाव.”

त्यानं परत लावला.

“मी आहे ती,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे?”

“अरे, कंपनीनं दिलेली तारीख पुढं ढकलता येईना आणि यांचा पाय मोडलेला. मग मी ऑर्गनखाली जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी पॅडल दाबून धरलं. दुसरं कडवं आलं की हे गुडघ्यानं माझा खांदा ढोसणार, मी सोडणार. असा ढोसला मेल्यानं, की घाबरून एकदम सोडून दिलं!” त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. “बाहेर आल्यावर मला म्हणाले, कुणाला बोलू नकोस, पुन्हा वाजवायला लावतील.”

“आणि तुम्ही चाळीस वर्षं बोलला नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही.”

नव्यानं चादर काढली, पॅडलची स्प्रिंग तपासली. होती तशीच होती. तिथल्या तिथं त्यानं काकूंना स्टुडिओत यायचं आमंत्रण दिलं.

“माझे गुडघे जमिनीवर बसू देतील का?”

“ते माझ्यावर सोडा.”

स्टुडिओत त्यानं मास्तरांचा तोच ऑर्गन दोन भक्कम खोक्यांवर चढवला. आता पॅडल बुटक्या स्टुलावर बसलेल्या काकूंच्या हाताशी आलं आणि नव्याला मात्र उभ्यानं वाजवावं लागलं. थोरले बघतच राहिले.

“वहिनी, तुम्ही होता तिथं? मला वाटलं, डबा घेऊन आला होता!”

“डबाही होता. तुम्हीच संपवलात.”

पहिल्या खेपेला काकूंनी उत्साहात आधीच सोडलं. दुसऱ्या खेपेला त्यांना खोकला आला. तिसऱ्या खेपेला टणक्! नेमकं जागेवर. ताईनं शेवटच्या ओळीत मोजूनमापून सूर घसरवला आणि गाणं संपल्यावर कानावर हात दाबून धरले. सिनेमाच्या बाई खूश झाल्या. वादकांची यादी लिहिताना त्या काकूंपाशी अडल्या. “यांनी काय वाजवलं म्हणू?”

“पॅडल,” ताई म्हणाली. “लिहा. हुबेहूब हवं होतं ना? मग जुन्यात पाच जण होते.”

बाईंनी लिहिलं.

काम पहिल्याच दुपारी उरकलं होतं. दुसरा दिवस मोकळा उरला, म्हणून त्यांनी स्वतःची गाणी वाजवायला घेतली. दोनच झाली. एकात भाच्याची गिटार उतरलेली, ते वाया गेलं. दुसरं, पाण्यात पाठीवर पडून आभाळ बघण्याचं, नव्यानं बांधलेलं संथ गाणं. ते मात्र मनासारखं उतरलं.

सिनेमा आला आणि कार्यक्रमांना तोबा गर्दी व्हायला लागली. बँडला वाटलं, चला, आता नवी गाणीही ऐकली जातील. झालं भलतंच. आयोजक म्हणायला लागले, जुनं गाणं दोनदा घ्या, सुरुवातीला आणि शेवटी. सातांतली पाच नवी गाणी आपोआप गळाली. ताई कधी शेवटची ओळ सुरात गायली, तर पुढच्या रांगेतली पोरं ओरडत, “चुकलं!”

पहिल्या गायकाचा फोन आला तो थेट ताईला. “शेवटची ओळ छान उतरवलीस गं. कशी काय उतरवलीस?”

“तुमच्याकडं ऐकून.”

“मी तेव्हा सर्दीनं बेजार होतो,” तो म्हणाला, आणि दोघंही पोट धरून हसली.

पुढच्या महिन्यात पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं. नव्याचं पाण्यावरचं गाणं त्यांनी एका कार्यक्रमात ऐकलं होतं. मुलांच्या वर्गात आणि तलावाच्या छोट्या माहितीपटात त्याचं रेकॉर्डिंग वाजवायची परवानगी त्यांना हवी होती. सोबत दोन पानी करार. नव्यानं आयुष्यात पहिल्यांदाच असा कागद हातात घेतला. तिसऱ्यांदा वाचताना तो एका ओळीवर थबकला. हे गाणं पुढं दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्यायचं झालं, तर चालेल का, असं तिथं विचारलं होतं.

“थोरले, हो म्हणू का?”

थोरल्यांनी चष्मा पुसला. “आमच्या वेळी असं कुणी विचारलंच नव्हतं. तुला काय वाटतं?”

“मला बघायचंय, ते काय करतात.”

त्यानं सही केली आणि सुट्टी काढून तलावावर गेला. क्लोरिनचा वास, ओल्या फरशा, काठावर एक स्पीकर. पंधरा मुलं पाठीवर पडून पाय मारत होती आणि त्याचं गाणं जवळजवळ दुप्पट वेगानं वाजत होतं. त्याला आधी ते ओळखूच येईना.

“एवढं जलद का लावलंत?” त्यानं शिकवणाऱ्या बाईंना विचारलं.

“हळू लावलं की मुलांचे पाय थांबतात,” त्या म्हणाल्या. “आणि पाय थांबले की मुलं बुडतात.”

तो तासभर काठावर बसून राहिला. संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्यानं हे सगळं सांगितलं. भाचा हसला. ताई मात्र बराच वेळ टेबलावर बोटांनी ठेका धरत राहिली, मग उठून माइकपाशी गेली.

“थोरले, त्या वेगानं चार मात्रा द्या बरं. बघू तरी.”