टॉवेल दिसेपर्यंत

कोपरीच्या बागेत एक काका अर्धी फेरी सरळ चालायचे आणि अर्धी उलटी. सकाळ चांगली गेली की दिवस चांगला जातो, असं मोबाइलवर ऐकून मी नुकताच चालायला लागलेलो. उलटं चालणं गुडघ्यांना चांगलं असेल, म्हणून मीही त्यांच्या शेजारी उलटा चालू लागलो.

त्यांची नजर सारखी वर असायची. मधेच थबकायचे, चष्मा शर्टाला पुसायचे, परत वर बघायचे.

"गुडघ्यांसाठी ना, काका?" मी एकदा विचारलं.

"छे हो. ती समोरची गॅलरी आमची. बायको उठली की टॉवेल वाळत घालते. तो दिसेपर्यंत तिकडे पाठ करायला भीती वाटते." मग म्हणाले, "डॉक्टर मला म्हणतात, रोज चाला. आणि तेच म्हणतात, हिला एकटं सोडू नका."

टॉवेल दिसला की त्यांचे खांदे सैल व्हायचे. मग पुढच्या फेऱ्या सगळ्या सरळ, भराभर.

आज ते आलेले नाहीत. गॅलरीच्या कठड्यावर ऊन आलंय, टॉवेल नाही. माझ्या फेऱ्या कधीच संपल्या. मी अजून उलटाच चालतोय.